खाली एक ओळ लिहा : साहित्य बनवणाऱ्या शिक्षकांना खुले पत्र

प्रति,
राज्यातल्या सर्व शाळांमधले, रात्री जागून मुलांसाठी साहित्य बनवणारे माझे शिक्षक बंधुभगिनी,

सप्रेम नमस्कार.

आपण बनवलेलं साहित्य इतरांनी कोणत्या अटीवर वापरावं, हे त्याच्या खाली एका ओळीत लिहा, एवढं सांगायला हे पत्र आहे. मी सोलापूर जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत शिकवते. नावाने तुम्ही मला ओळखणार नाही, पण माझी वाचनकार्डं तुमच्यापैकी काही जणांच्या फोनमध्ये पडून असतील. दुसरीच्या मुलांसाठी ४० कार्डं. वर चित्र, मध्ये पाच-सहा ओळींचा मजकूर, खाली तीन प्रश्न. हुरडा, आठवडी बाजार, एसटीचा थांबा, आजीची गोधडी असे विषय. सहा वर्षांपूर्वी मी ती आमच्या केंद्राच्या ग्रुपवर टाकली. तिथून ती तालुक्याच्या ग्रुपवर गेली, मग जिल्ह्याच्या, आणि पुढे कुठे कुठे गेली ते कळायला मला काही मार्गच नव्हता.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत नंदुरबार जिल्ह्यातून, धडगाव तालुक्यातल्या एका पाड्यावरच्या शाळेतून एका सरांचा फोन आला. त्यांच्याकडे पोचलेल्या पीडीएफवर माझं नाव राहिलेलं नव्हतं. चार ग्रुपांत विचारत विचारत त्यांनी माझा नंबर मिळवला होता. म्हणाले, "मॅडम, कार्डं फार कामाची आहेत. पण आमची पोरं घरी पावरी बोलतात, आणि हुरडा काय असतो ते त्यांना माहीत नाही. मला ही पावरीत करायची आहेत. हुरड्याच्या जागी मोहफुलं वेचायला जातात ते घालीन, आठवडी बाजाराच्या जागी भोंगऱ्याचा बाजार. तुमची परवानगी पाहिजे आणि बदल करता येईल अशी फाइल पाहिजे."

आपल्या कामाची अशी दखल आजवर कुणी घेतली नव्हती. मी लगेच हो म्हणाले आणि त्याच रात्री फाइल शोधायला बसले.

मूळ फाइल सापडली, पण ती श्रीलिपी या जुन्या मराठी फॉन्टमधली. ज्या संगणकावर ती केली होती तो शाळेतून केव्हाच भंगारात गेला होता. नव्या लॅपटॉपवर फाइल उघडली तर अक्षरांच्या जागी कंस, टिंबं आणि इंग्रजी चिन्हांचा चिखल. पीडीएफमधून मजकूर उचलून पाहिला, तरी तेच. म्हणजे सरांना आधी सगळी कार्डं पुन्हा टाइप करावी लागणार होती. ते काम मी अंगावर घेतलं आणि मग चित्रांकडे वळले. खरी अडचण तिथे होती. ४० पैकी २६ चित्रं मी गूगलवर शोधून उचललेली होती. कुणाची, कुठली, काही नोंद नाही. गोधडीच्या चित्रावर नीट पाहिलं तर एका फोटो विकणाऱ्या कंपनीचं पुसट नाव अजून दिसत होतं. शिवाय तीन कार्डांवरचा मजकूर मी एका जुन्या मासिकातून घेऊन थोडा सोपा केला होता, तेही तेव्हाच आठवलं.

दुसऱ्या दिवशी सरांना फोन करून सांगावं लागलं, की परवानगी मला द्यायची आहे, पण निम्म्याहून जास्त कार्डांची परवानगी देणारी मी कोण? ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "मॅडम, सगळे असंच करतात." आणि ते खरंच आहे. म्हणूनच हे पत्र लिहिते आहे.

आपल्याकडे साहित्य भरपूर बनतं. 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' हा शासनाचा कार्यक्रम २०१५ मध्ये सुरू झाला, 'तंत्रस्नेही शिक्षक' हा शब्द रूढ झाला, आणि तेव्हापासून तर कृतिपत्रिका, तक्ते, व्हिडिओ, ऑनलाइन चाचण्या यांचा पूर आला आहे. लॉकडाऊनच्या काळात त्यात आणखी भर पडली. शिक्षण परिषदेत कुणी नवीन काही दाखवलं की "सर, ग्रुपवर टाका ना" हे वाक्य ठरलेलं. आपण टाकतो, आणि दिल्याचं समाधान मानतो. पण घेणाऱ्याला नेमकं काय दिलं, हे कुठेच लिहिलेलं नसतं. त्याने छापायचं का? बदलायचं का? दुसऱ्या बोलीत करायचं का? आपल्या चॅनलवर टाकायचं का? ज्याला विचारायची सवय आहे तो थांबतो. ज्याला नाही तो नाव कापून स्वतःचा लोगो चिकटवतो. नुकसान होतं ते सरळ माणसाचं.

माझीच कार्डं तीन वर्षांपूर्वी मी एका पुस्तकांच्या दुकानात, ६० रुपये किमतीच्या वाचनपुस्तिकेत छापलेली पाहिली. प्रश्नांतली माझी एक चूक सुद्धा जशीच्या तशी. नाव कुणाचंच नाही. त्या दिवशी संताप झाला, घरी येऊन रडले. पण आज विचार करते, तेव्हा माझ्या हातात काय होतं? कार्डावर माझं नाव एका कोपऱ्यात होतं, ते कापणं एका मिनिटाचं काम. घेणाऱ्याने कोणत्या अटीवर घ्यावं हे मी कधीच लिहिलं नव्हतं. आणि आतली चित्रं मीही तशीच घेतली होती.

कायद्याचं थोडं सांगते. आपल्यात एक समज पक्का आहे, की ज्यावर © नाही ते कुणीही वापरावं. तसं नाही. आपल्याकडच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे लिहिलं, काढलं, चित्रित केलं की हक्क आपोआप निर्माण होतो. नोंदणी लागत नाही, ते गोल चिन्हही लागत नाही. म्हणजे तुमची कृतिपत्रिका ग्रुपवर पडते तेव्हा कायद्याच्या नजरेत तिचे सगळे हक्क राखीवच असतात, तुमच्या मनात देण्याची कितीही इच्छा असो.

वर्गासाठी मात्र कायद्यानेच सवलत ठेवली आहे. कलम ५२ मध्ये, शिकवण्याच्या ओघात शिक्षकाने किंवा विद्यार्थ्याने एखाद्या कृतीची प्रत केली तर तो भंग नाही, असं म्हटलं आहे. दिल्ली विद्यापीठाच्या आवारातल्या झेरॉक्स दुकानाविरुद्ध मोठे परदेशी प्रकाशक न्यायालयात गेले होते, तेव्हा दिल्ली उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१६ मध्ये याच सवलतीच्या आधारे निकाल प्रकाशकांच्या विरुद्ध दिला. तेव्हा वर्गात एखादी गोष्ट फळ्यावर उतरवून घेतली, दहा मुलांसाठी एक पान झेरॉक्स केलं, तर धास्ती बाळगायचं कारण नाही. पण तीच गोष्ट आपल्या पुस्तिकेत घालून हजार जणांना पाठवणं, चॅनलवर कायमची ठेवणं, हे वर्गाच्या चार भिंतींबाहेरचं काम आहे. तिथे या सवलतीवर विसंबून राहू नका.

आणखी एक गल्लत मी स्वतः वर्षानुवर्षं केली. जे फुकट मिळतं ते मोकळं, असं मी धरून चालले. बालभारतीची पाठ्यपुस्तकं पीडीएफमध्ये मोफत मिळतात. ही फार मोठी सोय आहे, जूनमध्ये पुस्तकं उशिरा आली की मी त्यावरच भागवलं आहे. पण त्याच पुस्तकाची सुरुवातीची पानं उघडून पाहा. सर्व हक्क मंडळाकडे राखून ठेवले आहेत आणि संचालकांच्या लेखी परवानगीशिवाय कोणताही भाग उद्धृत करता येणार नाही, असं तिथे छापलेलं असतं. वाचायला मोफत, पण त्यातला धडा घेऊन बोलीत करायला, त्यातली चित्रं आपल्या कार्डावर लावायला मोकळीक नाही. मोकळं म्हणजे ज्यावर आधीच लिहून ठेवलं आहे, की ठेवा, वाटा, बदला, दुसऱ्यात मिसळा, पुन्हा विचारायला येऊ नका.

हे लिहून ठेवण्याची एक तयार पद्धत जगात आहे. क्रिएटिव्ह कॉमन्स नावाच्या संस्थेने २००२ च्या डिसेंबरमध्ये सार्वजनिक परवान्यांचा पहिला संच काढला. त्याच वर्षी युनेस्कोच्या एका बैठकीत 'मुक्त शैक्षणिक संसाधनं' ही संज्ञा पुढे आली, आणि नोव्हेंबर २०१९ मध्ये युनेस्कोच्या सर्वसाधारण परिषदेने त्याबद्दलची शिफारस संमत केली. आपल्या देशातही हे नवं नाही. राष्ट्रीय मुक्त शैक्षणिक संसाधन भांडार, ज्याला आपण एनआरओईआर म्हणतो, ते २०१३ मध्ये सुरू झालं तेच मुक्त परवान्यावर. २०१७ च्या शिक्षक दिनी दीक्षा हे डिजिटल शैक्षणिक साहित्याचं सरकारी व्यासपीठ आलं. पाठ्यपुस्तकातला क्यूआर कोड तुम्ही रोज स्कॅन करता, पण उघडलेल्या साहित्याच्या माहितीत परवान्याचीही नोंद असते. ती किती जणांनी वाचली असेल? मी फोन येईपर्यंत वाचली नव्हती.

परवान्यात चार अटी येतात, आणि त्यांच्या जुळवणीतून सहा परवाने होतात. पहिली अट सगळ्यांत असते : श्रेय द्या. बाकीच्या तीन आपण निवडायच्या. बदल केलात तर बदललेलंही याच परवान्याखाली मोकळं ठेवा, ही एक. पैसे कमवायला वापरू नका, ही दुसरी. बदल करून वाटू नका, ही तिसरी. इंग्रजी आद्याक्षरांनी त्यांना बाय, एसए, एनसी आणि एनडी म्हणतात. कुठल्या चित्राखाली 'सीसी बाय एसए ४.०' (सीसी म्हणजे क्रिएटिव्ह कॉमन्स) असं दिसलं तर आता तुम्हाला वाचता येईल : श्रेय द्या, बदला, विका सुद्धा, पण बदललेलं याच अटीवर पुढे द्या. ४.० हा त्या परवान्याच्या आवृत्तीचा आकडा आहे.

कोणता निवडायचा यावर आमच्या तालुक्यात बराच वाद झाला, आणि त्यात माझं मत मी ठामपणे मांडते.

'बदल नको' ही अट शाळेच्या साहित्याला लावू नका. धडगावच्या सरांनी मागितलं होतं ते नेमकं बदलायचं स्वातंत्र्य होतं. भाषांतर हा बदलच धरला जातो. एका राज्यात पावरी, भिली, कोरकू, गोंडी, कोलामी, कातकरी, वारली, अहिराणी, मालवणी, झाडीबोली बोलणारी मुलं पहिलीत येऊन बसतात. प्रत्येक बोलीसाठी कोऱ्या कागदापासून सुरुवात करायची तर आपलं आयुष्य पुरणार नाही. माझं कार्ड त्या शिक्षकाला अर्ध्या वाटेवर तरी नेऊन सोडतं. 'बदल नको' म्हटलं की ती वाट बंद.

'पैसे कमवू नका' या अटीचा मोह सगळ्यांना होतो. ६० रुपयांची ती पुस्तिका पाहिल्यावर मलाही झाला होता. पण विचार करा. एखादी संस्था तुमची कार्डं छापून कागद-छपाईच्या खर्चात शाळांना विकते, ते कमावणं की नाही? खाजगी शाळेतली बाई फी भरणाऱ्या मुलांना ती वाचून दाखवते, ते? नक्की सांगता येत नाही, आणि जिथे नक्की सांगता येत नाही तिथे सरळ माणूस पुन्हा थांबतो. शिवाय मराठी विकिपीडियाला किंवा तिच्या चित्रांचं भांडार असलेल्या विकिमीडिया कॉमन्सला असलं साहित्य घेता येत नाही, त्यांचे नियम तसे आहेत. म्हणून मी बाय एसए निवडला. कुणी माझी कार्डं छापून विकली तर त्याने माझं नाव आणि परवाना छापायलाच हवा. आणि तो छापला की विकत घेणाऱ्यालाही कळतं, की हेच फुकटात मिळतं आणि याची प्रत करायची आपल्याला पूर्ण मुभा आहे. नाव गाळलं, परवाना गाळला, तर तो कॉपीराइटचा भंग आहे, आणि या वेळी माझ्याकडे दाखवायला लेखी काही आहे.

एक सावधगिरी. हा परवाना एकदा दिला की ज्यांनी ते साहित्य घेतलं त्यांच्याकडून परत घेता येत नाही. तुम्ही तुमच्या चॅनलवरून काढून टाकू शकता, पण ज्याच्याकडे पोचलं त्याचा हक्क राहतो. तेव्हा आज रागलोभ बाजूला ठेवून, शांतपणे ठरवा आणि मग लिहा.

लिहायचं कसं, तर माझ्या कार्डाच्या मागे आता ही ओळ असते : "आजीची गोधडी, वाचनकार्ड क्र. १२, इयत्ता दुसरी. मजकूर अमुक यांचा, चित्र तमुक यांचं. क्रिएटिव्ह कॉमन्स बाय एसए ४.० परवान्याखाली." त्याच्या शेजारी परवान्याचा दुवा आणि मूळ फाइल जिथे ठेवली आहे तिथला दुवा. कामाचं नाव, करणाऱ्याचं नाव, कुठून मिळालं, कोणता परवाना, या चार गोष्टी. दुसऱ्याचं मोकळं साहित्य वापरताना हेच चार तपशील त्याच्याबद्दल लिहायचे आणि आपण काय बदललं ते एका वाक्यात सांगायचं. सगळ्या कार्डांच्या शेवटी एक वेगळं पान जोडण्यापेक्षा प्रत्येक कार्डावर लिहा. ग्रुपवर कार्डं सुटी सुटी फिरतात, शेवटचं पान कुणी पाठवत नाही.

आता प्रश्न येतो, मोकळं साहित्य आणायचं कुठून. मला सगळ्यात उपयोगी पडलं ते प्रथम बुक्स या प्रकाशन संस्थेचं, मुलांच्या गोष्टींचं संकेतस्थळ स्टोरीवीव्हर. २०१५ च्या साक्षरता दिनी, ८ सप्टेंबरला ते सुरू झालं. त्यावर मराठीत पुष्कळ गोष्टी आहेत, आणि त्या सीसी बाय परवान्यावर आहेत, म्हणजे नुसतं श्रेय द्या, भाषांतर करा, पातळी सोपी करा, छापा. कुणी लिहिली, चित्रं कुणाची, भाषांतर कुणाचं हे प्रत्येक गोष्टीच्या शेवटी सांगितलेलं असतं. श्रेय कसं द्यावं हे मी त्याच पानांवरून शिकले. झाडं, पक्षी, किल्ले, अवजारं यांची छायाचित्रं विकिमीडिया कॉमन्सवर मिळतात, आणि तिथे मराठी नावाने नाही सापडलं तर इंग्रजी किंवा शास्त्रीय नावाने शोधा. वरच्या वर्गांना संगणक शिकवणाऱ्यांसाठी आयआयटी मुंबईचे स्पोकन ट्युटोरियल मराठीतही आहेत आणि तेही बाय एसएवरच.

जुन्या मराठीतलं मोठं धन तर कुणाच्याच परवानगीविना आपलं झालेलं आहे, आणि आपण तिकडे बघत नाही. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं पुरी झाली, की पुढच्या १ जानेवारीपासून त्याचं लेखन सगळ्यांचं होतं. बालकवी १९१८ मध्ये गेले, केशवसुत १९०५ मध्ये. साने गुरुजी जून १९५० मध्ये गेले, म्हणजे १ जानेवारी २०११ पासून त्यांच्या गोष्टी आपण छापू शकतो, सोप्या करू शकतो, बोलीत नेऊ शकतो. बहिणाबाई चौधरी डिसेंबर १९५१ मध्ये गेल्या, पण त्यांच्या कविता पुस्तकरूपाने आल्या १९५२ मध्ये. मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या लेखनाची साठ वर्षं प्रकाशनापासून मोजतात, म्हणून त्या २०१३ पासून मोकळ्या झाल्या. गदिमांचं मात्र तसं नाही. ते १४ डिसेंबर १९७७ ला गेले, तेव्हा २०३७ संपेपर्यंत थांबायचं. आपल्या सगळ्यांच्या स्नेहसंमेलनाच्या पुस्तिकांत त्यांच्या कविता असतात, म्हणून मुद्दाम सांगितलं. आणि जुन्या कवितेच्या नव्या आवृत्तीतली प्रस्तावना, टिपा, चित्रं ही नव्या लोकांची असतात. ती सोडून मूळ कविता तेवढी घ्या.

फाइलचंही बोलायला हवं, कारण परवाना लिहिला आणि फाइल उघडलीच नाही तर त्या परवान्याचा काय उपयोग? श्रीलिपी आणि कृतिदेव अशा जुन्या फॉन्टमध्ये केलेलं काम युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही संगणकावर आणि फोनवर तसंच वाचता येईल अशा पद्धतीत आणा. कन्व्हर्टर मिळतात, पण जोडाक्षरं, रफार आणि वेलांटी डोळ्याखालून घालावीच लागतात. 'सूर्य'चा 'सूय' झालेला मी तीन कार्डांवर पकडला. फॉन्टही असा घ्या जो समोरच्याला फुकट आणि हक्काने घेता येईल. मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचे मुक्ता आणि बालू हे फॉन्ट मुक्त परवान्यावर आहेत, आणि मुक्ता लहान मुलांना वाचायला सुबक दिसतो. आणि पीडीएफबरोबर वर्डची किंवा लिब्रेऑफिसची फाइल द्या. पीडीएफ छापायला, दुसरी बदलायला.

चित्रांचा प्रश्न मी वर्गातच सोडवला. ती २६ चित्रं काढून टाकली आणि तिसरी-चौथीच्या मुलांना विषय दिले. पण मुलांनी काढलेल्या चित्राचा हक्क त्या मुलाचा असतो, माझा नाही, आणि मूल कायद्याने अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालचं आहे. म्हणून पालकसभेत सगळ्यांना समजावून सांगितलं, एका कागदावर लिहून पालकांच्या सह्या घेतल्या, आणि चित्राखाली मुलाचं पहिलं नाव आणि इयत्ता एवढंच टाकायचं ठरलं. दोन पालकांनी नको म्हटलं. त्यांच्या मुलांची चित्रं वर्गाच्या भिंतीवर लागली, कार्डावर गेली नाहीत. मुलांचे फोटो तर मी कुठल्याच साहित्यात घालत नाही. परवाना कॉपीराइटचा असतो. मुलाचा चेहरा जगभर फिरवायची परवानगी त्यातून मिळत नाही.

इथे थोडं शिक्षण विभागाला उद्देशून लिहिते, कारण एक गाठ आमच्या हाताने सुटणारी नाही. कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे, नोकरीच्या कामाचा भाग म्हणून केलेल्या निर्मितीचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, नोकरी देणारा असतो. मी कार्डं घरी, सुट्टीत, स्वतःच्या मनाने केली. ती माझी, असं मी मानते. पण डाएटच्या, म्हणजे जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेच्या कार्यशाळेत पाच शिक्षकांनी मिळून केलेली स्वाध्यायपुस्तिका कुणाची? शाळेच्या वेळात, शाळेच्या संगणकावर केलेला व्हिडिओ कुणाचा? यावर आज शिक्षकाला कुणी छातीठोक उत्तर देत नाही, आणि म्हणून नियमाला जपणारे शिक्षक परवाना लिहायला बिचकतात. माझी नम्र मागणी आहे, की विभागाने एक शासन निर्णय काढावा : शिक्षकाने अध्यापनासाठी तयार केलेलं साहित्य त्याला स्वतःच्या नावाने मुक्त परवान्याखाली देता येईल, आणि विभागाच्या खर्चाने, कार्यशाळांतून तयार होणारं साहित्य मुक्त परवान्याखालीच प्रसिद्ध होईल. शैक्षणिक साहित्याच्या स्पर्धा होतात, त्यांत बक्षीस मिळालेलं साहित्य प्रमाणपत्रासह कपाटात जातं. प्रवेशिकेतच परवान्याचा रकाना ठेवा आणि मूळ फाइल मागून घ्या. पाठ्यपुस्तकांचं धोरण मोठा प्रश्न आहे, त्यात लेखक-कवींचे हक्क गुंतलेले आहेत, तो एका पत्राने सुटणार नाही हे मला समजतं. पण निदान मंडळाने स्वतः करून घेतलेली चित्रं, नकाशे आणि आकृत्या शिक्षकांसाठी मोकळ्या कराव्यात. पैसा जनतेचा आहे आणि वापरणारी मुलंही जनतेचीच आहेत.

बंधुभगिनींनो, तुमच्याकडून मागणं लहान आहे. येत्या शिक्षण परिषदेला जाताना तुमच्या सगळ्यात आवडत्या एका कृतिपत्रिकेवर ती ओळ लिहून न्या. लिहिताना हाताला अडखळायला होईल, हे चित्र कुठलं, ही कविता कुणाची, असं आठवत बसावं लागेल. ज्याचं ठाऊक नाही ते काढा. माझ्या ४० कार्डांपैकी आज २९ पुरी झाली आहेत. मासिकातून घेतलेल्या तीन गोष्टी मी काढून टाकल्या आणि त्या जागी नव्याने लिहिल्या, त्यातली दुधाच्या डेअरीची आधीपेक्षा बरी झाली आहे. उरलेल्या ११ पैकी एसटीच्या थांब्याचं चित्र अजून मनासारखं मिळालेलं नाही.

धडगावच्या सरांनी गेल्या महिन्यात पावरीतली पहिली नऊ कार्डं पाठवली. शब्द कसे लिहायचे यासाठी ते पाड्यावरच्या म्हाताऱ्या माणसांकडे संध्याकाळी जाऊन बसत होते. प्रत्येक कार्डामागे ओळ आहे : मूळ मराठी मजकूर माझा, पावरी रूपांतर त्यांचं, चित्र त्यांच्या चौथीतल्या एका मुलीचं, परवाना तोच. बरोबर प्रत्येक कार्डाचा मराठी अर्थही लिहून पाठवला, त्यामुळे मोहफुलांचं कार्ड मला परत मराठीत करता आलं. चित्रात पहाटेचा अंधार आहे, झाडाखाली वाकलेली बाई आहे आणि तिच्याहून मोठी टोपली. ते मी सोमवारी माझ्या दुसरीच्या वर्गात लावलं. आमची पोरं भोवती जमली आणि एकाने विचारलं, "बाई, मोहफुलं म्हणजे काय असतं?"

आपली सहकारी,
सोलापूर जिल्ह्यातली एक प्राथमिक शिक्षिका

(हे पत्र क्रिएटिव्ह कॉमन्स बाय एसए ४.० परवान्याखाली दिलं आहे. आपल्या बोलीत करा, आपल्या केंद्रातली उदाहरणं घाला, वाटा.)